कळलावीची पेटी

रविवार, ११ मे २०२५. दुपारचे सव्वादोन.
पडवीत बसून पक्कडीने पेटीचे खिळे काढत होतो. आत आई म्हणाली, "आंबे आणलास का रं?" पेटी आंब्याचीच आहे, पण आत आंबे नाहीत. ओलसर वाळूत कळलावीचे कंद आहेत. एकेक कंद दोन बोटे कोनात जोडावीत तसा दिसतो. मोजले, एकशे अठरा भरले.

पेटी शरणप्पाने दिली. तो निलंग्याकडचा जडीबुटीचा व्यापारी. कंद जूनमध्ये लावायचे, वेल तारेवर चढवायचा, हिवाळ्यात शेंगा वाळल्या की बी काढायचे. सगळे बी तोच उचलणार. देताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे भाव. दुसरी म्हणजे, "मोजे घालून हात लाव बाबा. ह्याचं पोटात गेलं की माणूस ऱ्हात न्हाई." म्हणून औशातून रबरी हातमोजे घेतले. ते पडवीच्या आढ्यावर ठेवले आहेत, घरी कोणाला दाखवले नाहीत.

पेटीच्या फळीवर मार्करने मोठ्या अक्षरात 'विष' असे लिहिले. लिहून झाल्यावर भीती वाटली. आईने वाचले तर पेटी आजच उकिरड्यावर जाईल. बारावीत दोनदा नापास झालो, मग मोबाईलच्या दुकानात चार महिने, मग शेळ्या. आता हेही गेले तर दादा पुन्हा काही विचारणारसुद्धा नाही. 'विष' वर दोन रेघा मारल्या आणि शेजारी 'औषधि कंद' लिहिले. हे खोटे नाही. बियांपासून कंपनी औषधच काढते.

बुधवार, १४ मे
आज वहिनींनी पेटी बघितली. सगळ्यात आधी त्यांना चूकच दिसली. म्हणाल्या, "भाऊजी, औषधी. धी दीर्घ. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी लगेच वेलांटी दुरुस्त केली. शुद्धलेखनात मी सहसा चुकत नाही. ही वहीसुद्धा वहिनींनीच आणून दिली आहे. रोज चार ओळी लिहिल्या की भाषा पक्की होते म्हणतात. त्या डी.एड. आहेत. २९ जूनला शिक्षक भरतीची परीक्षा आहे आणि त्यांना नववा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी असते, पण मुदखेडला त्यांचे वडील एकटेच आहेत, आई नाही. म्हणून आमच्याकडेच.

पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. 'वंश: ग्लोरिओसा. जाती: सुपर्बा.' शरणप्पाच्या कागदावर तसे होते. या वंशात पुष्कळ जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेत. आपल्याकडे रानात उगवते ती ही एकच. शेजारच्या शांतम्माकाकू दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांनी पाटी वाचायला लावली.

"अय्यो! झाडाची बी जात इचारलालाव का आता? दाखला काढलास का तहसीलमधून?"

सगळे हसले. मग मी कळलावी असे नाव सांगितल्यावर त्यांचे हसू थांबले. "घरात ठिवू नगं बाबा ते. कळ लावतंय. भांडणं हुतेत."

 आईने एक कंद उचलला आणि उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिली. मी तो काढून घेतला आणि हात धू म्हणालो. का, असे तिने विचारले. माती लागली आहे, असे सांगितले.

सोमवार, १९ मे
शांतम्माकाकूंचे खरे ठरते आहे. सकाळी दादा आणि आई कूलरच्या पाण्यावरून भांडले. दादा एसटीत वाहक आहे, रात्रपाळी करून आला होता. दुपारी वहिनी आणि आई, शेपूच्या भाजीवरून. आमच्या घरात एवढी भांडणे नसतात. वहिनींचा शब्दकोश काढला. 'कळ' या शब्दाला तीन अर्थ दिले आहेत. भांडणाचे कारण. वेदना. यंत्राचा खटका. आपल्याला पहिला लागू. पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ मारली.

शनिवार, २४ मे
तीन दिवस अवकाळी पाऊस. पडवीत पाणी शिरले. कंद सडतील म्हणून पेटी आत कोठीच्या खोलीत नेली. तिथे ज्वारीची पोती आहेत आणि वहिनींचे टेबल. तिथे गारवा असतो म्हणून त्या अभ्यासाला तिथेच बसतात. पेटी टेबलाखाली बसली. "राहू द्या की," म्हणाल्या. "पाय ठेवायला झालं."

मला रात्री झोप आली नाही. ज्वारीच्या पोत्यांपासून पेटी चार हात लांब आहे. मोजून ठेवली आहे.

मंगळवार, २७ मे
दादा आणि वहिनी लातूरला तपासणीला जाऊन आले. तारीख ४ जूनची आहे. १० जूनपर्यंत थांबू, नाहीतर सीझर, असे डॉक्टरांनी सांगितले. वहिनी जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "टाके असले की तीन तास बाकावर कोण बसू देणार मला? वय निघून चाललंय, भाऊजी. पुढची भरती कधी निघेल कोणाला माहीत."

नंतर पेटीकडे बघून विचारले, "याचं औषध कशावर चालतं?"

मी म्हणालो, सांधेदुखीवर.

"आणि बायकांच्या कशावर?"

माहीत नाही म्हणालो.

"पोटात घेतात का वरून लावतात?"

आई दारात तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "कंपनी गोळ्या करते." हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवतो आहे. यात एकही शब्द चुकीचा नाही.  उद्या वहिनी एकट्या असताना गाठून नीट सांगणार.

शुक्रवार, ३० मे
सांगितले नाही. आई सारखी आसपास असते.

गुरुवार, ५ जून
तारीख उलटून गेली. आई दिवसातून दहा वेळा विचारते, "काय हुतंय का गं?" वहिनी मान हलवतात. आज पाणी भरून आत आलो तर आई आणि शांतम्माकाकू चुलीपाशी डोक्याला डोके लावून बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या. "तू जा की रं भाईर, बायकांचं हाय," आई म्हणाली. माझ्याच पेटीविषयी बोलत असणार. बाहेर फेकायचे ठरवत असतील.

वाफे तयार आहेत. रान वापशावर, लावण्याजोग्या ओलीवर, आले की लावणी. एकदा कंद जमिनीत गेले की ही धास्ती संपेल.

रविवार, ८ जून. रात्री
कंद एकशे सतरा भरले. तीन वेळा मोजले. वाळू चाळणीने चाळून बघितली. उंदराने नेला असेल. तो ज्वारीत मरून पडला तर? दोन पोती हलवून बघितली, वास नाही. दादा म्हणाला, "येका कंदासाठी पोती उलथलालास का रं? झोप की."

एक बरे झाले. वहिनी आज फार दिवसांनी हसल्या. आईने त्यांना तेल लावून न्हाऊ घातले. संध्याकाळी त्या टेबलापाशी उठल्या तेव्हा कमरेला साडीत गाठीसारखे काही बांधलेले दिसले. दृष्टीचे असेल.

सोमवार, ९ जून
पहाटेपासून वहिनींना उलट्या. घसा भाजतो म्हणतात. जुलाबही होत आहेत. आई म्हणते, कुणाकुणाचं असंच सुरू होतं. गाडी बोलावली आहे.

मंगळवार, १० जून. लातूर, दवाखान्याची ओसरी
जे झाले ते क्रमाने लिहितो.

काल सकाळी सव्वासातला इथे पोहोचलो. वहिनींना चाकाच्या खाटेवर घेतले. दादा खिडकीपाशी नाव लिहायला गेला. नर्सबाईंनी आईला विचारले, "कळा कधीपासून आहेत, मावशी?"

आई म्हणाली, "कळा न्हाईत बाई अजून. कळा याव्या म्हणूनच तर..."

मी बाकावर बसलो होतो. कळा. कळ. शब्दकोशातला दुसरा अर्थ, ज्याच्याखाली मी रेघ मारली नव्हती. एवढे दिवस मी घरात भांडणे मोजत होतो. साडीतली गाठ आठवली. एकशे सतरा आठवले. 

आईला कोपऱ्यात नेले. "आई, कंद कुठाय?"

"कंबरला बांधला हाय. माझ्या आईनं माझ्या टायमाला बांधलावता. तुझ्या येळंला. घडीत सुटले मी."

"खायला दिला का?"

"न्हाई रं! देवाशपथ न्हाई. नुस्ता बांधला."

मला लगेच धावत जायला हवे होते. मी गेलो नाही. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि विचार केला की नुसता बांधला आहे, मग काही नसेल. पेला भरला आणि तसाच ओतून दिला. आतून वहिनींचा ओकण्याचा आवाज आला. तेव्हा गेलो.

डॉक्टर तरुण होते. कळलावी हे नाव त्यांना कळेना. मी त्यांच्या हातातल्या कागदावर ग्लोरिओसा सुपर्बा लिहिले. त्यांनी मोबाईलवर बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला. नर्सबाईंना भराभरा काही सांगितले. वहिनींच्या कमरेची गाठ सोडली. कंदाचे एकच बोट निघाले. दुसरे नव्हते.

"ताई, खाल्लंय का? किती? खरं सांगा."

वहिनी म्हणाल्या, "थोडं. किसून, गुळात. बांधून दोन दिवस झाले होते, काही होईना. औषधी आहे ना ते."

डॉक्टर आमच्याकडे वळले. "हे विषारी आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

आई रडायला लागली. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्याला काय ठावं साहेब. पेटीवरच औषधी लिहिलंय."

मी खाली बघत राहिलो. 

काल रात्रीच पोट उघडून बाळ काढले. मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवली आहे. वहिनी वरच्या मजल्यावर आहेत. या विषावर उतारा नाही, असे डॉक्टर म्हणाले. तीन दिवस बघायचे. शरीराने साथ दिली तर.

गुरुवार, १२ जून
पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत. रक्ताच्या दोन पिशव्या झाल्या. दादा माझ्याशिवाय कोणाशी बोलत नाही, आईशी तर नाहीच. ती जिन्यापाशी बसली की तो उठून दुसरीकडे जातो. मुदखेडहून वहिनींचे वडील आले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि तिच्या शेजारीच बसले. आईला ते जास्त जड गेले.

मी दहा वेळा ठरवले की दादाला सांगायचे. तो चहा आणून देतो. "खा काही तरी, उद्धव्या," म्हणतो. मग सांगता येत नाही.

मंगळवार, १७ जून
वहिनी धोक्याबाहेर आहेत असे आज सांगितले. मी दवाखान्यामागे जाऊन बसलो. रडू आले नाही. त्या गेल्या असत्या तर मी खरे सांगितले असते की नाही, हा प्रश्न मनात आला. उत्तर लिहीत नाही.

रविवार, २२ जून
घरी आणले. उरलेल्या कंदांची पेटी शरणप्पा टेम्पोत घालून घेऊन गेला. फळी मी आधीच काढून ठेवली होती. मोजे घालायला आधीच सांगितले होते, याची त्याने आठवण करून दिली. मी त्याला हळू बोल म्हणालो.

संध्याकाळी आई वहिनींची वेणी घालायला बसली आणि ओरडली. फणीत मूठभर केस. डॉक्टरांनी हे सांगितले होते, गळतील आणि पुन्हा येतील. पण आईने ऐकले नव्हते. दादा बाहेरून धावत आला. तिच्या हातातले केस बघून म्हणाला, "अजून काय काय बांधायचं ऱ्हायलंय तुझं?"

आई म्हणाली, "माझ्या आईनं बांधलावतं रं बाळा." तेवढेच एक वाक्य तिच्याजवळ आहे.

भांडण खरेच लागले आहे. शब्दकोशातला पहिला अर्थही चुकीचा नव्हता.

रविवार, २९ जून
परीक्षेचा दिवस. अकरा वाजता वहिनी कोठीच्या खोलीत टेबलापाशी जाऊन बसल्या. डोक्याला ओढणी. पुढे पुस्तक नव्हते. दोन वाजता उठल्या आणि बाळाला घेतले.

बुधवार, ९ जुलै
सकाळी न्हाणीच्या मागे राख टाकायला गेलो. मोरीच्या पाण्यापाशी, कण्हेराच्या बुडाला, एक कोंब वर आला होता. वीतभर. पाने वर निमुळती होत गेलेली आणि टोकाला तणाव्यासारखी वळलेली. एका पानाने कण्हेराची काडी धरली होती. असे पान मी दुसऱ्या कशाचे बघितलेले नाही.

आईला बोलावले. तिने कपाळावर हात मारला. वहिनींनी किसून उरलेला तुकडा इथे फेकला असणार. धुणीभांडी इथेच होतात. संक्रांतीपर्यंत बाळ रांगायला लागेल.

नुसत्या हाताने उपटायची हिंमत झाली नाही. आढ्यावर हात घालून मोजे काढले. मोज्यांच्या पिशवीचा दोरा तोडला. आई बघत होती.

"ह्ये कवा आणलास?"

"मे महिन्यात."

तिला लगेच कळले नाही. मग कळले. ती खाली बसली. महिनाभर ती एकटी ऐकून घेत होती आणि मोजे तिच्या डोक्यावर, आढ्यात होते.  मला वाटते ती ओरडली असती तर बरे झाले असते.

खणून तुकडा काढला. बोटाच्या पेराएवढा, त्याला पांढरी मुळे फुटलेली. अजून एखादा आहे का, म्हणून हातभर माती चाळली. सापडला नाही. नाहीच, असे म्हणता येत नाही.

मग आत गेलो. वहिनी बाळाला पाजून उठल्या होत्या. दादा पडवीत होता, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितले. शरणप्पाने काय सांगितले होते, मोजे का घेतले, पेटीवर आधी काय लिहिले होते, का खोडले. सगळे. सत्तावीस मेला दिलेल्या उत्तराचेही. बोलताना दाराची चौकट धरली होती.

दादा उठून दारात आला. मला वाटले मारेल. त्याने मारले नाही. न्हाणीपाशी आई बसली होती, तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "ऊठ. उन्हात बसू नकोस."

वहिनी बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तो शब्द मी वाचला होता, भाऊजी. रेघांखालून दिसत होता."

"मग?"

"मला वाटलं, आधी चुकलं असेल आणि मग तुम्ही दुरुस्त केलं. तुम्ही चूक राहू देत नाही ना कधी."

 त्याच पुढे म्हणाल्या, "मी तर दुरुस्तीची दुरुस्ती करायला लावली. धी दीर्घ करवली."

हसल्या की काय ते कळले नाही. ओढणी सारखी केली आणि बाळाला झोपवायला घेऊन गेल्या.

आज हिशेब लिहितो आहे.

कंदांपोटी शरणप्पाला दिलेले: नऊ हजार. परत मिळाले: चार हजार.
तार, बांबू, वाफ्यांची मजुरी: तीन हजार सहाशे पन्नास.
दवाखाना: एक लाख बारा हजार. दादाने पतसंस्थेतून काढले. मी त्याला देणे, सगळे.
शब्दकोशाचे पान पेन्सिलीने खराब केले, ती रेघ रबराने पुसून दिली.
रबरी हातमोजे, एक जोड, औसा, दहा मे: साठ रुपये. ही रक्कम आधीच्या हिशेबात लिहिलेली नव्हती.